सर्पगंधेला लावलेलं माप अर्जुन-अंबाडीलाही लावा

वनस्पतीतून ब्लड प्रेशरवर औषध मिळतं का, या प्रश्नाचं उत्तर पाऊणशे वर्षांपूर्वी मुंबईत मिळालेलं आहे. मिळतं. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीचा अहवाल छापला आणि सर्पगंधेच्या मुळीनं वाढलेला रक्तदाब उतरतो हे आकडे देऊन मांडलं. तो लेख जगभर वाचला गेला. पुढची वीस-पंचवीस वर्षं या झुडपातून निघालेलं औषध बीपीच्या उपचारात पहिल्या रांगेत होतं.

इतकं घडूनही आपल्याकडे हा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, पाश्चात्त्यांनी ते चोरलं. दुसरा म्हणतो, झाडपाल्यानं कुठं बीपी उतरतं का, गोळी घ्या आणि गप्प बसा. दोघांनाही सर्पगंधेचा पुरता इतिहास माहीत नसतो. माहीत असता तर पहिल्याला मोजमापाचं महत्त्व पटलं असतं आणि दुसऱ्याला झाडाचं. बीपीवरचं औषध म्हणून जी वनस्पती विकली जाते, तिची सर्पगंधेसारखीच परीक्षा झाली पाहिजे, सरकारच्या पैशानं झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत 'बीपीवर गुणकारी' हे शब्द डबीवर येता कामा नयेत, असं माझं ठाम मत आहे. वनस्पतींवर माझा विश्वास आहे म्हणूनच मी हे म्हणतो.

तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या मागे अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांच्या पट्ट्या, बाजूच्या काचेच्या कपाटात अर्जुनारिष्ट, सर्पगंधेच्या वट्या, लसणाच्या कॅप्सूल आणि 'रक्तदाबासाठी' म्हणून येणारी नाना तऱ्हेची चूर्णं. दोन्हीकडचं गिऱ्हाईक एकच असतं. महिन्याची पट्टी घेऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला म्हणतो, "गोळी एकदा लागली की जन्माची पाठीस लागते म्हणतात. त्यापेक्षा काहीतरी आयुर्वेदिक द्या ना." त्याला मूर्ख ठरवायला माझी जीभ रेटत नाही. बीपी वाढलं तरी त्याला काही दुखत नाही, खुपत नाही. गोळीनं मात्र पाय सुजतात, नाहीतर रात्री दोनदा उठावं लागतं. ज्या आजारानं त्रास होत नाही त्याच्यासाठी त्रास देणारी गोळी आयुष्यभर घ्यायची, हे पटायला अवघडच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचं आढळलं. एवढ्या माणसांच्या मनातली ही अढी आहे, आणि तिच्यावरच काचेच्या कपाटातला सगळा धंदा उभा आहे.

आता सर्पगंधेकडे येतो.

बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशच्या बाजूला ही मुळी फार जुन्या काळापासून वापरात होती. सर्पदंशावर, झोप येत नसेल तर, आणि वेडाच्या झटक्यांवर. बिहारकडे तिला 'पागल की दवा'च म्हणत. पण 'उच्च रक्तदाब' हा आजार तेव्हा कोणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं, कारण तो मोजायचं साधन नव्हतं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची रिवा-रोची यांची रीत १८९६ ची; स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा आकडा ऐकायची कोरोत्कोव्ह यांची रीत १९०५ ची. म्हणून 'आपल्या ग्रंथांत बीपीवरचं औषध आहेच' असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यात अर्थ नाही. ग्रंथांत आणि लोकांच्या हाती मुळी होती, तिचा शांतवणारा गुण ठाऊक होता. तिनं दाब उतरतो हे पट्टा हातात आल्यावर कळलं.

ते पहिल्यांदा ज्यांनी नोंदवलं त्या दोघांतले एक, कलकत्त्याचे गणनाथ सेन, मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचे वाटतात. ते नामवंत कविराज, म्हणजे बंगालकडचे वैद्य होते, महामहोपाध्याय होते आणि पाश्चात्त्य वैद्यकाचं रीतसर शिक्षणही त्यांनी घेतलं होतं. डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्यासोबत त्यांनी १९३१ साली सर्पगंधेवर लेख लिहिला आणि 'वेड व उच्च रक्तदाब यांवरचं नवं भारतीय औषध' अशी तिची ओळख करून दिली. मुळीचं चूर्ण किती द्यायचं, हे त्यांनी ग्रेनमध्ये लिहिलं: २० ते ३० ग्रेन, दिवसातून दोनदा. म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम. त्याच वर्षी दिल्लीत तिब्बिया कॉलेज या हकिमांच्या परंपरेतल्या संस्थेत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतून अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली औषधी द्रव्यं, वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' असं नाव दिलं. अजमलिन बीपीच्या कामाचं निघालं नाही, पण हृदयाच्या ठोक्यांच्या एका आनुवंशिक विकाराचं निदान करायला ते आजही वापरतात. दोन वर्षांनी कलकत्त्याच्याच ट्रॉपिकल मेडिसिन स्कूलमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळीचा परिणाम तपासला. वैद्य, हकिमांच्या परंपरेतली संस्था आणि सरकारी प्रयोगशाळा, तिघंही एकाच मुळीवर काम करत होते.

या कामाचं मोल कळायला तेव्हाची परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी लागते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. कित्येक वर्षं त्यांचं बीपी वाढत होतं, शेवटच्या दिवशी वरचा आकडा ३०० वर गेला होता. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडे तेव्हा झोपेचं औषध, हृदयासाठी डिजिटालिस, मिठाचं पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे फारसं काही नव्हतं. रोग हाताबाहेर गेला की पाठीतले मज्जातंतू कापायच्या शस्त्रक्रिया करत. अशा वेळी मुंबईचा एक डॉक्टर सांगत होता की ही मुळी तोंडावाटे द्या, दाब उतरतो, आणि हे घ्या रुग्णागणिक आकडे.

बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी डॉ. वकील यांचा लेख वाचून भारतातून औषध मागवलं. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळीतलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं काढलं. ते हजार भाग मुळीत साधारण एक भाग असतं. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. १९५७ साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला हा फार मोठा सन्मान. आमच्या फार्मसीच्या अभ्यासक्रमात रेसर्पिन होतं, डॉ. वकील यांचं नाव मात्र कधी कोणी घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सर्पगंधेच्या प्रवासातला खरा मोठा टप्पा त्यानंतरचा आहे आणि तो फार कमी सांगितला जातो. दाब उतरवल्यानं माणूस वाचतो का, हे १९६० पर्यंत कोणीच सिद्ध केलेलं नव्हतं. कित्येक नाणावलेले डॉक्टर तर म्हणत की दाब वाढणं ही शरीराची गरजच असेल, त्याला हात लावू नका. एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष निवडले. सगळ्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ च्या दरम्यान. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना दिसायला तशाच, पण पोकळ, म्हणजे आत औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ साली निकाल छापला: पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर विकार झाले, औषधाच्या गटात फक्त दोघांना. बीपीचे उपचार जीव वाचवतात याचा हा पहिला भक्कम पुरावा. आणि त्या औषधात तीन द्रव्यं होती: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रालझिन आणि रेसर्पिन. आज कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स सांगते की गोळी चुकवू नका. तिच्या या सांगण्यामागे जो पुरावा उभा आहे, त्यात आपल्या जंगलातल्या मुळीचा वाटा आहे. 'गोळी का झाडपाला' हे भांडण मुळातच फोल आहे, ते यासाठी.

पण त्याच मोजदादीनं रेसर्पिनची काळी बाजूही उघड केली. ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा करतं, म्हणून रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. त्याबरोबर मेंदूतला सेरोटोनिन आणि डोपामिनचा साठाही आटतो. सुरुवातीच्या वर्षांत मात्रा जास्त दिली जायची. माणसं उदास व्हायची, काही अगदी खोल नैराश्यात गेली, काहींना कंपवातासारखी लक्षणं दिसली. स्वीडनच्या आर्विद कार्ल्सन यांनी रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, दिलं तेव्हा ते उठून हालचाल करू लागले. कंपवाताचं आजचं औषध त्या धाग्यावरून पुढे आलं आणि कार्ल्सन यांना २००० साली नोबेल मिळालं. १९७४ मध्ये रेसर्पिनमुळे स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो असं सुचवणारे तीन अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एकदम आले आणि घबराट झाली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. तोवर नव्या गोळ्या आल्या होत्या, रेसर्पिन मागे पडलं. आपल्याकडे जुनी माणसं 'अडेल्फेन' घ्यायची, त्यात ते होतं. आता चिठ्ठीवर ते नाव क्वचितच दिसतं.

हे सगळं रामायण सांगण्याचं कारण एकच. औषध म्हणजे केवळ त्याचा गुण नव्हे. त्याचा गुण, त्याची मात्रा आणि त्याचं नुकसान, तिन्ही मिळून औषध होतं. सर्पगंधेची ही तिन्ही खाती पन्नास वर्षं उघडी राहिली, डॉक्टरांनी त्यांत भर घातली, खोडलं, पुन्हा लिहिलं. चाचण्यांचे निकाल एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं नंतर ज्या चाचण्या तपासल्या, त्यांत पोकळ गोळीच्या तुलनेत रेसर्पिननं वरचा आकडा सुमारे ८ मिलिमीटरनी उतरतो असं दिसलं. म्हणजे आजच्या पहिल्या पसंतीच्या गोळ्यांच्या तोडीस तोड. आणि आपल्याला हेही ठाऊक आहे की दिवसाला पाव मिलिग्रॅमच्या वर जाताना जपावं.

आता माझ्या काचेच्या कपाटातली सर्पगंधेची डबी हातात घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: प्रत्येक वटीत सर्पगंधा मूळ इतके मिलिग्रॅम. त्यात रेसर्पिन किती, हे कुठेच नाही. मुळीत हजारात एक भाग धरला तर २५० मिलिग्रॅम मुळीत पाव मिलिग्रॅम. पण मुळी कुठल्या मातीतली, किती वर्षांची, कुठल्या हंगामात खणलेली, साल किती आणि आतलं लाकूड किती, यावर हा हिशेब निम्म्यावर येतो किंवा दुप्पट होतो. शिवाय बाजारात सर्पगंधा म्हणून तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपांच्या मुळ्या मिसळल्या जातात. म्हणजे एकाच नावाच्या दोन डब्यांत चौपट फरक पडू शकतो, आणि घेणारा मनाशी म्हणत असतो, वनस्पती आहे, अपाय थोडाच होणार. ज्या द्रव्यानं माणसं नैराश्यात गेल्याची नोंद आहे, ते आपण अंदाजपंचे देतो आहोत. मुळी घेणाऱ्याला १९३१ साली गणनाथ सेनांनी निदान ग्रेन मोजून सांगितले होते.

अर्जुनाचं उदाहरण वेगळं आहे आणि मला जास्त शिकवणारं वाटतं. हृदयरोगावर अर्जुनाची साल द्यायची परंपरा जुनी आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये हृदय थकलेल्या १२ रुग्णांवर ती वापरून पाहिली, सुधारणा दिसली, सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी शंभरेक रुग्णांवर, १२ आठवडे, निम्म्यांना सालीचा अर्क आणि निम्म्यांना पोकळ औषध देऊन रीतसर चाचणी केली. हृदयाच्या आकुंचनाच्या ताकदीत फरक पडला नाही. मला हा निकाल अर्जुनाचा पराभव वाटत नाही. आपल्याच देशातल्या सरकारी संस्थेनं आपल्याच झाडाला प्रश्न विचारला, उत्तर मनासारखं आलं नाही आणि तरी ते छापलं, हे मोठं काम आहे. आणि हे सगळं हृदय थकण्याबद्दल चाललं होतं. बीपीवर अर्जुनाची अशी तोलामोलाची मोठी चाचणी कुठे आहे? तरी बीपीवरच्या जवळजवळ प्रत्येक चूर्णात अर्जुन असतोच.

अंबाडीची गोष्ट उलट्या दिशेची. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडीची भाजी, भाकरी आणि वर लसणाची फोडणी हे रोजचं जेवण. लाल अंबाडीची बोंडं वाळवून केलेल्या चहावर अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. बीपीची सीमा ओलांडू पाहणारी किंवा किंचित ओलांडलेली ६५ माणसं, त्यांना बीपीची कुठलीही गोळी नाही. दिवसाला तीन कप, सहा आठवडे. चहा पिणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७ मिलिमीटरनी उतरला, त्याच रंगा-चवीचं पोकळ पेय पिणाऱ्यांचा जेमतेम एकानं. ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे. पण मोबाइलवर जो मजकूर फिरतो त्यात ती 'अंबाडीची भाजी खा, बीपी विसरा' अशी होऊन येते. चाचणी बोंडांची होती, पाल्याची नव्हती. आपल्याकडे अंबाडी म्हणून दोन वेगळी झाडं पिकतात, चाचणी त्यांतल्या एकाची. माणसं सौम्य बीपीची होती. १८० चा आकडा घेऊन फिरणाऱ्या माणसाला हा चहा वाचवू शकेल असं त्यात कुठेही नाही. आणि भाजीत पडणाऱ्या मिठाचं काय, हा प्रश्न उरतोच. बीटच्या रसाचंही असंच आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात रोज पाव लिटर रस चार आठवडे देऊन बीपी साधारण तेवढंच उतरलं. त्यातली नायट्रेटं शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतात आणि वाहिन्या सैल करतात, हेही नीट समजलेलं आहे. रस बंद केला की आकडा पुन्हा चढला. म्हणजे ज्या 'एकदा लागली की सुटत नाही'च्या भीतीनं माणूस गोळी सोडतो, ती इथेही चुकत नाही. वाढलेलं बीपी हा बहुतेकांच्या बाबतीत कायमचाच आजार आहे. गोळी काय, रस काय, थांबवलं की तो परत येतो.

आणि झाडं बीपी वाढवतातही. हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे नियमित येणाऱ्या एक मावशी, भजनी मंडळात गाणाऱ्या. कित्येक वर्षं एका गोळीवर त्यांचं बीपी नीट होतं. मग ते चढू लागलं, डॉक्टरांनी गोळी वाढवली, दुसरी जोडली, तरी चढतंच. पाय जड, अंगात शक्ती नाही. एकदा पट्टी बांधून देताना मी सहज विचारलं, "मावशी, आणखी काय काय घेता हो?" त्या म्हणाल्या, "औषध कसलं नाही रे, घसा धरतो म्हणून ज्येष्ठमध तेवढं चघळते. सारखं असतं तोंडात." ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं. ते विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करत असतं. ते अडलं की कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, स्नायू दुबळे होतात. डॉक्टरांना सांगा म्हणून मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली. ज्येष्ठमध सुटलं, काही आठवड्यांनी दुसरी गोळीही सुटली. त्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि मावशींनी सांगितलं नव्हतं, कारण दोघांच्याही लेखी ते औषध नव्हतंच. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले जात होते, त्यांत किती जणांनी मूठमूठ ज्येष्ठमध घातलं असेल, हा विचार मला तेव्हाही छळत होता.

कायदा म्हणाल तर आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत उच्च व कमी रक्तदाब स्पष्ट लिहिलेला आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंतीपासून टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमापर्यंत 'बीपी मुळापासून बरा' चालूच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अशा जाहिरातींवरून एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांना भर कोर्टात उभं करून माफी मागायला लावली, तेव्हा कुठे देशभर चर्चा झाली. पण जाहिरात ही वरची साल आहे. खाली परवान्याचा प्रश्न आहे. आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथातला औषधाचा पाठ जसाच्या तसा बनवायचा असेल तर तो गुणकारी आहे याचा वेगळा पुरावा मागितला जात नाही. ग्रंथ हाच पुरावा. ज्वरावर किंवा अजीर्णावर हे मी समजू शकतो, तिथे रुग्णाला स्वतःला कळतं की बरं वाटलं की नाही. बीपीत कळत नाही. ज्या आजाराचा आकडाच १८९६ नंतर जन्मला, त्याच्यावर त्याआधीचा ग्रंथ कसली साक्ष देणार?

वैद्य मंडळींचा यावर एक आक्षेप असतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, आमचं औषध प्रकृती पाहून ठरतं, सगळ्यांना एकच अर्क देऊन तुम्ही आयुर्वेद तपासतच नाही. मान्य. मग वैद्यांना हवं ते देऊ द्या, प्रत्येकाला वेगळं देऊ द्या. फक्त कोणत्या रुग्णाला वैद्याकडे पाठवायचं आणि कोणाला नेहमीच्या उपचाराकडे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि सहा महिन्यांनी कोणाकडे पाठवलं होतं हे ठाऊक नसलेल्या माणसाला दोघांचंही बीपी मोजू द्या. मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांच्यासारखी माणसं कित्येक वर्षं सांगत आली आहेत की आपण वैद्याच्या अनुभवापासून सुरुवात करून प्रयोगशाळेकडे जावं, उलट नव्हे. सर्पगंधेचा रस्ता तोच होता.

दुसरा आक्षेप माझ्याच पेशातले लोक घेतात: दोन-चार रुपयांना अ‍ॅम्लोडिपिन मिळतं, सरकारी केंद्रात फुकट मिळतं, मग झाडांच्या मागे का लागायचं? एक कारण वर सांगितलं: माणसं ती घेतातच, तेव्हा निदान काय घेतात ते कळू द्या. दुसरं कारण जास्त मोठं आहे. वनस्पतींनी आपल्याला नुसती औषधं दिली नाहीत, शरीराची कुलपं दाखवली. रेसर्पिननं मज्जातंतूतला साठा दाखवला. सत्तरच्या दशकात मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय शास्त्रज्ञ शेकडो वनस्पतींचे अर्क तपासत होते. गुजरातेत ज्याच्या मुळांचं गरमर म्हणून लोणचं घालतात, त्या कोलियसमधून त्यांनी बीपी उतरवणारं फोर्स्कोलिन काढलं. त्याची बीपीची गोळी झाली नाही. पण पेशीतल्या एका कळीच्या विकराला ते थेट चालू करतं, म्हणून आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत ते रोज वापरलं जातं, आणि त्याच्यापासून बनवलेलं एक औषध जपानमध्ये हृदय थकलेल्या रुग्णांसाठी निघालं. हे मुंबईत झालं, आपल्या माणसांनी केलं. असं काम पुन्हा का होत नाही, याचं उत्तर पैशात आहे. अंबाडीच्या चहाचं पेटंट मिळत नाही, म्हणून कुठलीही कंपनी त्यावर हजार माणसांची चाचणी करणार नाही. ते काम सरकारचंच.

आणि जंगलाचा विचार यातच धरला पाहिजे. सर्पगंधेचं औषध मुळीत असतं, मुळी काढली की झाड गेलं. पन्नासच्या दशकातल्या मागणीनं ती इतकी ओरबाडली गेली की पुढे रेसर्पिनसाठी जगाला आफ्रिकेतल्या तिच्या बहिणीकडे वळावं लागलं, आणि आज सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आहे. गुण सिद्ध न करता मागणी वाढवत नेली तर दुसऱ्या झाडांचंही तेच होईल, तेही कदाचित फुकाच.

महाराष्ट्रात हे काम उद्या सुरू करता येईल अशी जागा तयार आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिल्या टप्प्यातले जिल्हे होते. तिथल्या केंद्रांत रुग्णांच्या नोंदी आहेत, चांगली यंत्रं आहेत, बीपी नीट मोजायला शिकलेल्या नर्सेस आणि आशाताई आहेत. वर्ध्याच्या शेतात अंबाडी पिकते. ज्यांचा वरचा आकडा १४० ते १५० च्या घरात आहे, गोळी अजून सुरू झालेली नाही आणि डॉक्टरांच्या मते दोन महिने थांबायला हरकत नाही, अशा पाच-सहाशे लोकांना विचारा. निम्म्यांना एकाच वाणाच्या, एकाच मापाच्या बोंडांचा चहा द्या, निम्म्यांना तसंच लाल-आंबट पाणी. मूत्रपिंडाचं आणि पोटॅशियमचं रक्त तपासत राहा. दोन महिन्यांत उत्तर येईल. आकडा उतरला तर मात्रा ठरवून ती केंद्रातूनच द्या, शेतकऱ्याला भाव द्या. उतरला नाही तर तेही मराठीत छापून त्याच केंद्रांच्या भिंतीवर लावा, आणि त्याची एक प्रत माझ्यासारख्या प्रत्येक दुकानदाराकडे पाठवा.